रुळाचा ताप मोजता, माणसाचा ताप कोण मोजणार?



वैशाखाच्या भर दुपारी भुसावळाहून जळगावास आगगाडीने जाण्याचा प्रसंग तुम्हांपैकी बहुतेकांवर आला असेल. त्या वेळी खिडकीतून जो आत येतो त्यास वारा म्हणणे म्हणजे वाऱ्याची थट्टा करणे होय. लोहाराच्या भात्यातून निघालेला झोत तो. ज्यांच्या खिशात चार पैसे जास्त आहेत ते थंड डब्यात काचा लावून बसतात. बाकीची रयत ओला पंचा डोक्यावर घेऊन वाट कंठते. अशात क्षणभर लाईनीच्या कडेला एक माणूस उभा दिसतो. अंगात नारिंगी बंडी, हातात हातोडा, खांद्यावर पाना, बगलेत गुंडाळलेली लाल झेंडी. गाडी निघून गेली की तो पुन्हा दोन रुळांच्या मध्ये येतो आणि मान खाली घालून चालू लागतो. आपण त्याचे तोंड पाहिलेले नसते. त्याने मात्र आपल्या गाडीखालचा एकूण एक रूळ पाहिलेला असतो. तुमचाआमचा जीव त्या माणसाच्या चालीवर टांगलेला आहे, आणि त्याचा स्वतःचा जीव कोणाच्याच हिशेबात नाही. ही गोष्ट चारचौघांत उघडपणे बोलली जात नाही, म्हणून आम्ही ती आज बोलणार आहो.

प्रथम लोखंडाची गोष्ट ऐका. ही गोष्ट आमच्या सुतार-लोहार बांधवांस शिकवावी लागत नाही. गाडीच्या चाकावर धाव चढवावयाची असली म्हणजे लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करीत असे. तापली की ती फुगे, चाकावर सहज बसे. वर पाणी ओतले की आकसून लाकडास मगरमिठी मारी. लोखंड तापले की वाढते आणि निवले की आखडते, एवढेच ते शास्त्र. आता हाच हिशेब रुळास लावा. एक किलोमीटर लांबीचा रूळ ४० अंशांनी जास्त तापला तर तो सुमारे ४६ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने एक हात वाढू पाहतो. पूर्वी रुळांचे आखूड तुकडे फिशप्लेटने जोडलेले असत. दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत हा वाढावा जिरत असे आणि त्या फटीवरून चाके जाताना गाडी खडखड वाजत असे. हल्ली ते तुकडे सांधून मैलोगणती एकसंध केले आहेत. प्रवाशास सुख झाले, वेग वाढला. पण वाढलेले लोखंड जाईल कोठे? खडी आणि स्लीपर त्यास दोन्ही अंगांनी दाबून धरतात. खडी कोठे ढिली पडली की कोंडलेला सगळा जोर त्या एका जागी बाहेर पडतो आणि सरळ लाईन नागासारखी वळते. हवा ४५ अंशांवर गेली की उन्हातला रूळ ६० अंशांच्या पुढे जातो. आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावास ४५ अंश ही काही नवलाची वार्ता नव्हे.

म्हणून रेल्वेने रुळासाठी फार काळजीपूर्वक नियम केले आहेत. कोणता रूळ किती अंशांवर बसविला ते वहीत लिहिलेले असते. रुळास लावावयाचे वेगळे तापमापक यंत्र असते. बसविल्या वेळच्या तापाहून रूळ दहा अंश जास्त चढला, की खडी उकरणे, लाईन उचलणे असली नेहमीची कामे त्या रुळावर करू नयेत असा दंडक आहे. का? तर त्या उष्म्यात रुळास हात लावणे धोक्याचे. दंडक उत्तम आहे. तो नसता तर कित्येक गाड्या उलथल्या असत्या. आम्हांस त्याविरुद्ध एक अक्षर बोलावयाचे नाही.

आमचा सवाल पुढे आहे. रूळ आणखी तापला की काय करतात? उन्हाळी गस्त सुरू करतात. म्हणजे ज्या घटकेस लोखंडाने विसावा घ्यावा असे ठरते, नेमक्या त्याच घटकेस माणसाने बाहेर पडावे असेही ठरते! ऊन उतरले की त्याची गस्त संपते; ऊन चढले की सुरू होते. खाली खडी तापलेली, दोन्ही बाजूंस रूळ तापलेले, वर सूर्य. चहूकडून शेकणारा हा माणूस कोसच्या कोस चालतो, कोठे रूळ सरकला, कोठे खडी ढळली, कोठे चावी निसटली ते पाहतो. माणसाचे रक्त ३७ अंशांवर चालते. ते ४० च्या वर गेले की डोके काम करीत नाही, बोलणे बरळते, घाम थांबतो, आणि वेळीच पाणी-सावली-बर्फ मिळाला नाही तर माणूस जातो. रुळाच्या तापाची वही आहे. या देहाच्या तापाची वही कोठे आहे? लाईनीजवळच्या शेतात पाणी प्यावयास आलेला एक चावीवाला आम्हांस आमच्याच बोलीत म्हणाला होता, “भाऊ, रूळना ताप सायेब रोज देखस, आमना ताप कोन देखस?” या एका प्रश्नात आमचा सगळा लेख आला.

कोणी म्हणेल, माणसासाठी नियम नाहीत असे कसे? आहेत ना! उन्हात जाऊ नका, पाणी भरपूर प्या, सैल कपडे घाला, असे सल्ले दर उन्हाळ्यात निघतात. कोठे वरचा साहेब मनाचा चांगला असला तर कामाची वेळ पहाटेस ओढतो. पण सल्ला वेगळा आणि कायदा वेगळा. अमुक अंशाच्या वर उघड्यावरचे काम बंद, बंद न केल्यास काम सांगणारा गुन्हेगार, असा कायदा या देशात उघड्यावर राबणाऱ्या माणसासाठी नाही. तो बैलासाठी आहे! होय, वाचकहो, हसू नका. जनावरांस निर्दयतेने वागवू नये म्हणून १९६५ साली जे सरकारी नियम झाले, त्यांत ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावराविषयी स्पष्ट लिहिले आहे की त्यास दिवसाकाठी नऊ तासांहून जास्त जुंपू नये, विसाव्यावाचून सलग पाच तासांहून जास्त राबवू नये, आणि जेथे उष्मा ३७ अंशांच्या वर जातो तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जुंपूच नये. धन्य तो नियम! बैल आमचा दैवत आहे. पोळ्यास आम्ही त्याच्या खांद्यास लोणी-हळद लावतो आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. नियम नव्हता तेव्हाही खानदेशातला शहाणा शेतकरी वैशाखात ऊन डोक्यावर येण्याआधी औत सोडीत आला आहे. बैलास मिळाले त्याचा आम्हांस आनंदच आहे. पण बैलास ३७ अंशांवर सावली आणि माणसास ४५ अंशांवर गस्त, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? ज्या सरकारास बैलाची जीभ बाहेर आलेली दिसते, त्यास गँगमनचे ओठ फुटलेले का दिसू नयेत?

आणि हे अशक्य आहे असेही नाही. जेथे वाळूखेरीज दुसरे काही नाही त्या अरबस्तानाकडे पाहा. संयुक्त अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद असते. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार बंद असते. तेथील मजुरांचे हाल दुसऱ्या अनेक बाबतींत कमी नाहीत, आणि त्या राजवटींचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. पण जे शेखांच्या राज्यात साधले ते लोकांच्या राज्यात का साधू नये, एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदारास आहे.

आता पावसाकडे वळू. मृग बरसला की आपण सुटकेचा श्वास टाकतो, पण लाईनीवरच्या माणसाचे दुसरे संकट तेथून सुरू होते. आमची काळी माती तुम्हांस ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि लोण्यासारखी सरकते. ज्या मातीत कपाशी पिकते त्याच मातीवर लाईनीचा भराव उभा असतो. म्हणून पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. एका हातात बत्ती, दुसऱ्या हातात काठी, पिशवीत लाल झेंडी आणि फटाके. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. पुढे पूल खचलेला दिसला तर ते रुळावर लावावयाचे. इंजिनाच्या चाकाखाली फुटले की चालकास धोका कळतो व तो गाडी रोखतो. रात्रभरात पंधरा-वीस किलोमीटर चालणे, तेही अंधारात, चिखलात, विंचूकाट्यात. नाल्यास पाणी किती चढले, भरावातून पाणी झिरपते की काय, पुलाचे तोंड गाळाने बुजले की काय, हे त्याने पाहावयाचे.

हे पाहणे किती मोलाचे आहे ते ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री साऱ्या देशास कळले. मध्य प्रदेशात हरद्याजवळ माचक नदीपाशी अचानक आलेल्या पाण्याने लाईनीखालचा भराव वाहून नेला. मुंबईहून वाराणसीस निघालेली कामायनी एक्सप्रेस घसरली आणि समोरून मुंबईकडे येणारी जनता एक्सप्रेसही थोड्याच वेळात तेथेच घसरली. तीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. या दोन्ही गाड्या आपल्या भुसावळावरूनच जाणाऱ्या. त्यांत बसणारी माणसे आपल्यासारखीच. पाणी आले ते थोड्या वेळात आले. अशा थोड्या वेळाशी ज्यास झुंजावयाचे असते तो पगारपत्रकात सर्वांत खालच्या ओळीत बसतो, हे ध्यानात ठेवा. पुढे २०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगावास तितूर आणि डोंगरी या नद्यांनी काय थैमान घातले ते चाळीसगावकर जन्मात विसरणार नाहीत. अशा रात्री आपण आपले घर, आपला गोठा, आपली पोरे सांभाळतो. आणि आपण तसे केलेच पाहिजे. पण त्याच रात्री लाईनीवरचा माणूस आपले घर देवावर सोडून सरकारचा पूल सांभाळावयास जातो. त्याच्या घरात पाणी शिरले असेल, तर ते त्यास सकाळी कळते.

तिसरे संकट थंडीचे. धुळ्याकडची थंडी काही कमी नव्हे. हिवाळ्यात तेथे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरलेला आपण पाहिला आहे. मे महिन्यात जो रूळ साठीच्या पुढे गेला तोच पौषात आखडतो, ताणला जातो आणि कमजोर सांध्यावर तडकतो. म्हणून थंडीतही पहाटेची गस्त. धुके असले तर समोरून येणारी गाडी दिसत नाही. कानाटोपी घातली तर तिचा आवाज ऐकू येत नाही, न घातली तर कान बधिर होतात. तारीख १३ फेब्रुवारी २०२३, पहाटेची वेळ. नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ, म्हणजे आपल्याच भुसावळ विभागात, लाईनीवर काम करणाऱ्या चार जणांस विजेच्या तारांचे काम पाहणाऱ्या गाडीने उडविले. चारही जण गेले. दोन दिवस वर्तमानपत्रांत आले आणि मग कांद्याच्या भावाची बातमी आली. आम्ही त्यांची नावे येथे छापीत नाही, कारण त्यांच्या घरचे दुःख हा बाजार मांडण्याचा विषय नव्हे. पण चार चुली विझल्या, ही गोष्ट आम्ही विसरू देणार नाही.

हे चार जण अपवाद होते असे ज्यांस वाटते त्यांनी सरकारचाच कागद वाचावा. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वेच्या सुरक्षिततेविषयी जी समिती नेमली होती, तिचा अहवाल २०१२ साली आला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंतच्या काळात रेल्वेचे सुमारे १,६०० नोकर कामावर असताना मेले आणि सुमारे ८,७०० जखमी झाले, असे तीत नमूद आहे. त्याच काळात गाड्यांच्या मोठ्या अपघातांत मेलेल्यांची संख्या एक हजाराच्या जवळपास होती. म्हणजे गाडी घसरून जितकी माणसे मेली त्यांच्या दीडपट गाडी घसरू नये म्हणून राबताना मेली! गाडी घसरली की मंत्री धावतो, रक्कम जाहीर होते, चौकशी बसते. गँगमन एकेकटा मरतो, म्हणून त्याची बातमीही एकेका ओळीची होते. एका दिवशी शंभर मेले तर तो अनर्थ. वर्षभरात एकेक करून शंभर मेले तर तो कारभार!

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही घेऊ, कारण एकतर्फी बोलणे आमच्या पत्रास शोभत नाही.

पहिले म्हणणे असे की, नोकरी नको असेल तर सोडावी. मागे रांग लागली आहे. रांग लागली आहे हे खरे. २०१९ साली रेल्वेने सर्वांत खालच्या श्रेणीच्या १,०३,७६९ जागा काढल्या, तेव्हा सुमारे एक कोटी पंधरा लाख अर्ज आले. त्यांत पदव्या घेतलेली मुले कितीतरी होती. ज्याच्या बापाने अर्धा एकर विकून कॉलेज दाखविले, त्या पोरास शेवटी परीक्षा कोणती द्यावी लागते? तर पस्तीस किलोचे ओझे उचलून, खाली न ठेवता, दोन मिनिटांत शंभर मीटर न्यावयाचे. आणि मग सव्वाचार मिनिटांत एक हजार मीटर धावावयाचे. पोरे ती हसत देतात. पण रांग मोठी आहे म्हणून ऊन कमी होते काय? विहिरीवर तहानलेल्यांची गर्दी झाली म्हणून विहिरीतले पाणी गढूळ ठेवण्याचा हक्क मालकास मिळत नाही. भुकेला माणूस कोणत्याही अटीस ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’चा फायदा घेणे याचे नाव करार नव्हे, सावकारी होय, आणि सावकारी म्हणजे काय हे कुणब्यास कोणी शिकवू नये.

दुसरे म्हणणे असे की, गस्त बंद केली तर गाड्या पडतील. गस्त बंद करा असे म्हणतो कोण? गस्त हवीच. पण एका माणसाने आठ कोस भाजत चालावे, यापेक्षा चार माणसांनी दोन-दोन कोस चालावे, मध्ये सावली आणि पाणी असावे, आणि दोघे मिळून असावेत म्हणजे एकास भोवळ आली तर दुसरा धरील, हे अशक्य आहे काय? जो माणूस स्वतः उन्हाने बरळत आहे त्यास रुळाची बारीक तडक दिसेल काय? गस्तवाल्यास सावली देणे ही त्याच्यावर दया नव्हे. ती प्रवाशाच्या जिवाची राखण आहे.

तिसरे म्हणणे सर्वांत जुने आणि सर्वांत ओंगळ: ‘ही माणसे उन्हाची सवयीची असतात हो!’ ही सवय कोठून आली? ती जन्माबरोबर आली नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसरी वाटच बंद ठेवल्याने आली. आपल्या खानदेशाच्या उंबऱ्यावर, मनमाडास, १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तेथे त्यांनी नेमके हेच दुखणे उघडे केले. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि मरेपर्यंत गँगमनच राहतो, त्यास वरची पायरी नाही, असे त्यांनी सांगितले. हमालाची जागाही त्यास का मिळत नाही? तर स्टेशनमास्तर हमालास घरकामास लावतो, आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नाही म्हणून! म्हणजे ऊन कोणी खावे हे सूर्य ठरवीत नव्हता, जात ठरवीत होती. त्याच परिषदेत त्यांनी कामगारांचे शत्रू दोन सांगितले, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही. आणि पहिलीचा अर्थ एखादी जात असा नसून स्वातंत्र्य, समता व बंधुभाव यांचा नकार असा केला. त्या गोष्टीस ऐंशीहून अधिक वर्षे झाली. घटना आली, राखीव जागा आल्या, गँगमनचा ‘ट्रॅक मेंटेनर’ झाला, आणि आज त्या गँगेत मराठा, माळी, कोळी, भिल्ल, महार, मातंग, बिहारचा यादव, सारे एका पहारीस हात लावतात. नाव बदलले हे चांगले झाले. पण सर्वांत जास्त ऊन सर्वांत कमी पगारावर पडते, हा जुना दंडक बदललेला नाही.

फाटकावरच्या माणसाचेही दोन शब्द. रेल्वेच्या कामाच्या तासांचे वर्ग पाडले आहेत. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी १९४७ साली दिलेल्या निवाड्यापासून ती वाटणी पक्की झाली. तीत एक वर्ग ‘अधूनमधून काम’ असणाऱ्यांचा. पुष्कळ फाटकवाले त्यात मोडतात आणि बारा तासांची पाळी करतात. का, तर दोन गाड्यांच्या मध्ये तो नुसता बसतो! तापलेल्या खोलीत, फोनाकडे कान लावून, डोळा न मिटता बसणे यास जो ‘विसावा’ म्हणतो, त्यास एक वेळ बारा तास तेथे बसवून पाहावे.

आता सर्वांत खालची पायरी. कायम नोकरास निदान हजेरीपुस्तक आहे, दवाखाना आहे, संघटना आहे. कंत्राटदाराच्या मजुरास काय आहे? पुढची काही वर्षे खानदेशात रेल्वेचे काम जोराने चालावयाचे आहे. २०२४ च्या सप्टेंबरात मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या, धुळ्यावरून जाणाऱ्या नव्या लाईनीस १८,०३६ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जळगाव-मनमाड चौथी लाईन, १६० किलोमीटर, आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाईन, १३१ किलोमीटर, मंजूर झाल्या. धुळेकरांनी १९०० साली चाळीसगावचा फाटा पाहिला, तेव्हापासून मोठ्या लाईनीची वाट पाहिली. त्यांचा आनंद आम्ही हिरावून घेत नाही. आम्हीही पेढे खाऊ. पण खडी कोण टाकणार? सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा, बारेला, भिल्ल. कर्जाने गाव सोडलेला अल्पभूधारक. पोर पाठीस बांधलेली बाई. ताडपत्रीखाली बिऱ्हाड, टँकरचे पाणी, आणि ऊन लागून पडला तर ‘दारू प्याला होता’ असा शेरा! भोरघाट १८६३ साली खुला झाला. तो फोडताना ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर होते आणि पटकीने, सुरुंगाने, दरडीने हजारो गेले. ती राणीची आणि कंपनीच्या भागीदारांची रेल्वे होती. ही आपली आहे. आपल्या रेल्वेस आपल्याच माणसांचा नैवेद्य लागू नये, एवढे मागणे फार आहे काय?

आणि दोष नुसता सरकारास देऊन आम्ही मोकळे होणार नाही. आरसा आपल्याकडेही फिरविला पाहिजे. फाटक दोन मिनिटे बंद राहिले की आपण फाटकवाल्यास आईबहिणीवरून शिव्या देतो. मोटारसायकल आडवी करून दांड्याखालून काढतो. बाजारपेठेत पाणपोई घालतो ती चौकात, जेथे आपल्या नावाची पाटी सगळ्यांस दिसेल. लाईनीकडेच्या शेतात, जेथे खरा तहानलेला माणूस चालतो, तेथे एक रांजण भरून ठेवावा असे किती जणांस सुचले? तेथे पाटी वाचावयास कोणी नसते, म्हणून सुचत नाही! रावेर-यावलचा बागाईतदार केळीस उष्ण वारा लागू नये म्हणून बागेस आडोसा करतो, घडास पाल्याने झाकतो. केळीच्या झाडाएवढी तरी माया लाईनीवरच्या माणसावर करावी. आणि घरचा पोरगा रेल्वेत लागला की आपण हुंड्याची रक्कम वाढवितो. तो उन्हात किती तास असतो हे मात्र त्याच्या बायकोलाही विचारीत नाही.

तर मग मागावे काय? आमचे मागणे थोडके व स्वच्छ आहे. एक, उन्हाचा एक आकडा कायद्याने ठरवावा; त्याच्या वर जिवाच्या संकटाखेरीज उघड्यावरचे काम बंद, आणि उन्हाळ्यात काम पहाटे सुरू होऊन ऊन चढण्याआधी संपावे, साहेबाच्या मर्जीने नव्हे, हक्काने. दोन, गस्त कोणत्याही ऋतूत एकट्याने नसावी, टप्पे लहान असावेत, आणि ठराविक अंतरावर पक्की सावली, पाणी व औषध असावे. तीन, गाडी जवळ आली की गँगेस वर्दी देणारे ‘रक्षक’ नावाचे बिनतारी यंत्र निघाले आहे. जेथे ते पोचलेले नाही तेथे आधी ते पोचवावे, स्टेशनांच्या कमानी मागाहून रंगवाव्यात. चार, कंत्राटी मजुरास हे सारे कायम नोकराप्रमाणेच लागू असावे, आणि उन्हाने आलेला मृत्यू कामावरचा मृत्यू म्हणून लिहिला जावा. पाच, रुळाच्या तापाची वही असते तशी माणसांच्या आजाराची वही प्रत्येक गँगेत असावी आणि ती कोणासही पाहता यावी.

हे होणार नाही असे म्हणणाऱ्यास आम्ही एक जुनी आठवण देतो. मुंबईच्या गिरणीत आठवड्यास सुट्टी नव्हती. ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची संघटना उभारून रविवारच्या सुट्टीची मागणी केली, तेव्हा शहाणे लोक हसले. ‘गिरणी बुडेल’ म्हणाले. लोखंडे थकले नाहीत. १० जून १८९० रोजी सुट्टी मिळाली, आणि गिरणी बुडाली नाही. आज जो साहेब रविवारी वाड्यात पंख्याखाली लोळतो, त्यास ठाऊकही नसते की त्याच्या विसाव्याची पहिली वीट एका माळ्याच्या पोराने लावली. रविवार जसा मिळाला, तशी सावलीही मिळेल. फक्त मागावी लागेल, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. खासदार मते मागावयास आला की त्यास ‘लाईनीवर दुपारी बारा वाजता चला’ असे सांगावे लागेल.

तोवर एक काम सरकारास न विचारता करता येण्यासारखे आहे. ज्यांचे शेत लाईनीस लागून आहे त्यांनी येत्या चैत्रापासून बांधावरच्या निंबाखाली एक रांजण भरून ठेवावा, वर ओले फडके, शेजारी पेला. पाटी लावू नये. दुपारी जो कोणी मान खाली घालून येईल त्यास जात न विचारता म्हणावे, ‘भाऊ, बस थोडा.’